कनवाळू नजर

मुरलीधर वाणी यांनी बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातला आपला फोटो स्टुडिओ गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बंद केला. शटर दुपारी बाराच्या सुमारास खाली आले. तिथे घरमालक, शेजारचा गादीवाला आणि मी असे तिघे होतो. भाषण वगैरे झाले नाही. मुरलीभाऊंनी किल्ली मालकाच्या हातात ठेवली, त्याच्या कानाकडे पाहून "येतो" म्हटले आणि ते जैनाबादला मुलीच्या घरी राहायला गेले. अजून तिथेच असतात. वय बहात्तर. प्रकृती ठीक.

कानाकडे पाहून बोलण्याची त्यांना सवय होती. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत थेट पाहिले की ते ताठते आणि मग फोटोत ताठलेला माणूस येतो, असा त्यांचा अनुभव होता. पुढे ती सवय दुकानाबाहेरही राहिली. बँकेत, लग्नात, अंत्ययात्रेत ते समोरच्याच्या कानाशी बोलत. नवखा माणूस बोलता बोलता आपला कान पुसून घेई.

त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या वर्तमानपत्राचे दोन टेबलांचे कार्यालय होते. मी तिथे अकरा वर्षे बसलो. खाली जाण्याची कारणे रोज निघत. या मजकुरातले जे मी स्वतः पाहिले ते तसे सांगतो आणि जे ऐकले ते कोणाकडून ऐकले तेही सांगतो.

दुकानात आरसा नव्हता. कंगवा होता, पावडरचा डबा होता, खुंटीला तीन मापांचे कोट आणि एक तयार गाठीचा टाय होता. गिऱ्हाइके आरसा मागत. "आरसा पाह्यला की माणूस नाकाचा विचार करतो," मुरलीभाऊ म्हणत. "नाक सांभाळायला मी आहे. तुम्ही फुरसतीत बसा." शाळेच्या दाखल्यासाठी आलेल्या मुली एकमेकींच्या मोबाइलमध्ये केस नीट करत. त्याला त्यांची हरकत नव्हती.

पासपोर्ट फोटो आणि आधारच्या झेरॉक्सवर दुकान चाले. त्यांचे खरे काम दुसरे होते. घरात कोणी गेले की हार घालायला फोटो लागतो आणि अनेक घरांत असा फोटो नसतो. म्हाताऱ्या माणसाचा एकुलता फोटो कोणाच्या तरी लग्नातला निघतो. त्यात तो कोपऱ्यात उभा असतो, पुढच्याच्या फेट्यामागे अर्धा झाकलेला, आणि फ्लॅशमुळे त्याचे डोळे मिटलेले असतात. तो चेहरा वेगळा काढून, मोठा करून, डोळे उघडून देणे हे मुरलीभाऊंचे काम. दारावर पाटी होती: "बंद आँखें खोली जाती हैं." ती वाचून वर्षातून एकदोन मोतीबिंदूचे रुग्ण आत येत. त्यांना ते खुर्ची देत, पाणी देत आणि रुग्णालयाचा रस्ता सांगत.

डोळे कसेही उघडून चालत नसत. गिऱ्हाइकाने फोटो पुढे केला की पहिला प्रश्न ठरलेला असे, "नजर कशी होती?" बहुतेक लोक म्हणत, चांगली.

"चांगली म्हणजे काही नाही. घरी जा. सोचून या. एक शब्द आणा."

तो शब्द ते एका लांबट वहीत लिहीत. शब्द लिहिला नाही तोवर कामाला हात लावत नसत. वहीतली काही पाने मी वाचली आहेत: करारी. भाबडी. रोखलेली. हसरी, पण दुपारनंतर. हरवलेली. संशयी. एका नोंदीत फक्त "भूक लागल्यासारखी" एवढेच होते. शब्द आणता आला नाही म्हणून काही गिऱ्हाइके चिडून दुसरीकडे गेली. त्यांची संख्या कमी नव्हती.

शब्दावरून दुकानात भांडणे होत. त्यातले एक मी पायरीवर उभा राहून ऐकले. तीन भाऊ वडिलांचा फोटो घेऊन आले होते. वडिलांची केळीची मोठी बाग होती, पंचायतीत वजन होते. थोरला म्हणाला, कडक. मधला म्हणाला, कडक नाही, प्रेमळ. धाकटा म्हणाला, तुझ्यासाठी प्रेमळ, कारण ट्रॅक्टर तुलाच मिळाला. आवाज चढला. तेवढ्यात बाकावर बसलेल्या त्यांच्या आईने पदर सारखा केला आणि ती म्हणाली, "घाबरट."

तिघेही वळले.

"आई, काहीही काय बोलते?"

"तुमच्यासमोर कडक होते. दार लावलं की घाबरट. पाऊस नाही आला तर काय, पोरं वेगळी झाली तर काय. चाळीस वर्षं मीच समजावत राह्यली."

"तसा फोटो भिंतीवर लावायचा? लोक काय म्हणतील?"

मुरलीभाऊंनी आईच्या कानाकडे पाहून विचारले, "फोटो कोणत्या खोलीत लावणार?"

"माझ्या."

वहीत "घाबरट" लिहिले गेले. तो फोटो मी नंतर पाहिला. पागोटे, मिशा, भरदार गाल, आणि नजर अशी की कोणीतरी मागून हाक मारली आहे आणि बातमी काय असेल कोण जाणे. तिन्ही मुले त्या खोलीत गेली की आवाज खाली आणून बोलतात, असे आईने मुरलीभाऊंना सांगितले. त्यांनी ते मला सांगितले.

पूर्वी हे काम पेन्सिल आणि ब्रशने होई. संगणक आल्यावर मुरलीभाऊ अठ्ठावन्नाव्या वर्षी क्लासला गेले. सोबत कॉलेजच्या मुली होत्या. त्या त्यांना "अंकल, राइट क्लिक" असे ओरडून सांगत. घडी केलेल्या टॉवेलवर मनगट ठेवून ते माउस चालवायला शिकले. पण तयार डोळे त्यांनी कधी वापरले नाहीत. शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात इंटरनेटवरून डोळ्यांची एक जोडी उतरवून घेतली होती आणि तीच सगळ्या मृतांना लावत. एका गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांत एक सासू आणि एक रेल्वेतला पॉइंट्समन एकाच डोळ्यांनी एकमेकांकडे पाहू लागले. दोन्ही कुटुंबांचे आधीच पटत नव्हते. मुरलीभाऊंनी ते दोन्ही फोटो फुकट बदलून दिले. त्या दुकानाबद्दल मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. मी खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "सासूचं काम सोपं होतं. पॉइंट्समनने वेळ घेतला."

सुलभाताई चौधरी दुकानात आल्या त्या दिवशी मी बॅटरीचे सेल घ्यायला खाली गेलो होतो. दुकान बंद झाले त्याच्या आधीच्या पितृपक्षातली ही गोष्ट. सुलभाताई एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षे आवक खिडकीवर होत्या आणि नुकत्या निवृत्त झाल्या होत्या. सोबत रिक्षातून त्यांनी आपल्या मावशीला आणले होते. गिरजामावशी जवळच्या जसोंडी गावची, वय चौऱ्याऐंशी. सुलभाताईंनी पिशवीतून पुठ्ठ्यात ठेवलेला एक फोटो काढला. लग्नातला मोठा समूह. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी बाई म्हणजे त्यांची आई यमुना. चेहरा तुरीच्या डाळीएवढा. डोळे मिटलेले.

"नजर कशी होती?"

"मला कसं माहीत असणार, भाऊ? आई गेली तेव्हा मी दहा महिन्यांची होती."

"दुसरा फोटो?"

"नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं. बदल्या होत राहिल्या. नवी आई चांगली होती, तिच्याबद्दल काही नाही. पण हिचं काही उरलं नाही. हा फोटोही मावसभावाच्या पेटीत सापडला."

"मग नजर कोणाला माहीत आहे?"

"म्हणून तर मावशीला आणलं ना."

गिरजामावशीने विचारायची वाट पाहिली नाही. "कनवाळू," ती म्हणाली.

मुरलीभाऊंनी वही उघडली. "मायाळू लिहितो."

"काबं? मी मायाळू म्हनली का? कनवाळू म्हनली."

"एकच ना, मावशी."

"एकच कसं? मायाळू मीबी आहे. माझ्या लेकरांपुरती. अक्का कनवाळू होती. शेजारणीची म्हैस आजारी पडली तरी तिच्याकडे तसंच पाहे."

"आणि रागावल्यावर?"

"रागावल्यावरबी. मले मारायले धावे अन् नजर अशी, का मलेच तिची कीव ये."

"म्हणजे डोळ्याचं नक्की काय होतं? पापणी खाली येते? भुवई उचलते?"

"ते मले काय माहीत, बाप्पा? मी काय मोजाले बसली होती?"

वहीत नोंद झाली: कनवाळू. मायाळू नव्हे.

हा शब्द वहीत आधी नव्हता. तो कागदावर कसा आणायचा हे मुरलीभाऊंना कळेना. ते तशी नजर शोधायला निघाले. सकाळी नदीवरच्या राजघाटावर बसले, केळीच्या लिलावात उभे राहिले. शेवटी सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात तीन दिवस बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने हटकले.

"किसके साथ हो, चाचा?"

"किसी के नहीं. नर्सों की आँखें देख रहा हूँ."

त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर आणण्यात आले. ओळखीचा एक कंपाउंडर मध्ये पडला म्हणून प्रकरण तिथेच थांबले. हे मला त्या कंपाउंडरने सांगितले. मुरलीभाऊंनी एवढेच सांगितले की तिथे सगळे फार घाईत असतात.

मग त्यांनी नेहमीचा मार्ग धरला. रक्ताच्या माणसाचे डोळे घ्यायचे आणि नजर आपण घालायची. सुलभाताईंना खुर्चीवर बसवून बत्तीस फोटो काढले. पडद्यावर ते पाहता पाहता म्हणाले, "आकार आईचाच असणार. पण तुमची नजर अर्ज तपासते, ताई."

"एकतीस वर्षं तेच केलं ना, भाऊ. शिक्का नसला की परत."

दसऱ्याच्या आधी फोटो तयार झाला. सुलभाताई तो घेऊन जसोंडीला गेल्या. गिरजामावशीने तो नाकाजवळ धरला, मग लांब धरला आणि म्हणाली, "हाव. हीच. हीच माझी अक्का." सुलभाताईंनी फ्रेम करून घेतली, चंदनाचा हार घातला आणि जेवणाच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला फोटो लावला. सकाळचा चहा त्या त्याच्यासमोर बसून घेऊ लागल्या. त्यांच्या सांगण्यानुसार तीन महिने असेच चालले.

मार्गशीर्षात गिरजामावशीच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. संक्रांतीला सुलभाताईंकडे हळदीकुंकू होते, तेव्हा ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा त्यांच्या घरी आली. पुढचे सगळे सुलभाताईंकडून आणि त्यांच्या शेजारणीकडून ऐकले. दोघींच्या सांगण्यात फरक नाही.

मावशी दारातच थांबली. "हा हिरवा रंग कधी दिला व?"

"नऊ वर्षं झाली, मावशी."

"मले तर पांढराच वाटे." ती खोल्याखोल्यांतून फिरली. भिंतीची भेग दाखवली, शेजारणीच्या साडीचा काठ वाखाणला, एकीला "तू तर म्हातारी झाली व" असे सांगितले. मग जेवणाच्या खोलीत फोटोसमोर उभी राहिली.

"ही कोण?"

बायका हसल्या. त्यांना वाटले, गंमत करते आहे.

"मावशी, तुमची अक्का ना ही," शेजारीण म्हणाली.

"ही? ही तर बँकेतली बाई वाटते."

सुलभाताईंच्या हातात तिळगुळाचे ताट होते. "मावशी, दसऱ्याला तूच बोलली ना, हीच म्हणून?"

"तवा मले नुसतं धुकं दिसे."

"मग हो काबं म्हटलं?"

"तू श्वास धरून उभी होती. मले ऐकू येत होतं. नाही कसं म्हनू?"

हळदीकुंकू पार पडले. सुलभाताईंनी सगळ्यांना वाण दिले. शेवटची बाई गेल्यावर त्यांनी फोटो उतरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्या दुकानात आल्या आणि त्यांनी फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली. मी तिथे होतो. त्या मला बाहेर जा म्हणाल्या नाहीत, म्हणून मी थांबलो.

"भाऊ, भांडायला नाही आली. एवढंच सांगा, खरं काही होऊ शकतं का? आईला पाह्यलेलं आता मावशीशिवाय कोणी उरलं नाही. ती चौऱ्याऐंशीची आहे. नसेल होत तर मी तो लग्नातलाच फोटो लावीन. मिटलेले तर मिटलेले. पण खोट्या डोळ्यांसमोर मी आता चहा नाही पिणार."

मुरलीभाऊंनी फ्रेम सुलटी केली आणि बराच वेळ पाहिले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "साक्षीदाराला दिसतं का, हे मी विचारलंच नाही."

चाळीसहून अधिक वर्षे त्यांचे सगळे काम डोळ्यांचे होते. हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता. घरमालकाने इमारत पाडायचे ठरवले होते आणि पाडव्यापर्यंत जागा सोडायची होती. त्यांनी नवी कामे घेणे बंद केले होते. वहीत त्या नोंदीपुढे त्यांनी "चुकले" असे लिहिले आणि हे एकच काम पुन्हा हातात घेतले.

ते लॅपटॉप घेऊन बसने जसोंडीला गेले. ओसरीवर मावशीशेजारी बसून पडद्यावर डोळे हलवू लागले. मावशी एका चांगल्या डोळ्याने पाहून हुकूम देई. "पापणी खाली घे. अजून. आता झोपली. वर घे. हं, आता चोरासारखी पाहून राह्यली." दोन दिवस हे चालले. दुसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "डोळे अक्काचे झाले. पण अक्का नाही झाली." मुरलीभाऊंनी लॅपटॉप मिटला.

माघात मावशीच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे होते. सून शेतात असे, म्हणून सुलभाताई जसोंडीला राहायला गेल्या. त्या मावशीशी बोलत नव्हत्या. ताट वाढत, पाणी देत, घड्याळ लावून थेंब घालत, पण बोलत नसत. "मुकी झाली माझी भाची," मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "पण औषधाले मिनिटभर उशीर नाही करत."

मुरलीभाऊ पुन्हा लॅपटॉप घेऊन पोचले तो मंगळवार होता. दुपारच्या थेंबांची वेळ झाली होती. मावशी खाटेवर मान मागे टाकून पडली होती. तिला थेंबाची भीती वाटे, ती डोळा घट्ट मिटून घेई. सुलभाताई तिच्यावर वाकल्या. एका बोटाने त्यांनी पापणी उचलली, दुसऱ्या हातात बाटली धरली. मावशीने अचानक त्यांचे मनगट पकडले.

"हालू नको!"

थेंब गालावर पडला.

"मुरली! इकडे ये. लवकर ये. पाह्य, हीच!"

मुरलीभाऊ येईपर्यंत सुलभाताई सरळ झाल्या होत्या. "काय झालं? दुखलं का?"

"गेली," मावशी म्हणाली. "आता होती."

पुढच्या थेंबांच्या वेळी मुरलीभाऊ कॅमेरा घेऊन तयार राहिले. काही मिळाले नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. कॅमेरा समोर आला की ताई अर्ज तपासायला लागतात, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. मग त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि सुनेकडे दुसरी खाट मागितली. ती मावशीच्या खाटेला लावून ते तिच्या उशीशेजारी डोके ठेवून पडले. मावशी जिथून पाहते तिथूनच पाहायचे होते.

सुनेने पदर तोंडात कोंबला.

"नवऱ्याले जाऊन वीस वर्षं झाली," मावशी म्हणाली. "आता उशाशी हा मुरली. गावात तोंड कसं दाखवू?"

"सांगा, फोटोवाला आहे म्हणून."

"तेच तर वाईट. दुसरा कोणी असता तर लोक गप तरी बसले असते."

दोन दिवस मुरलीभाऊ तिथे होते. आठ वेळा ते तसे पडून राहिले. काही लिहिले नाही, काही रेखाटले नाही. सुलभाताईंना मी नंतर विचारले की त्यांना संकोच वाटला नाही का. त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे बघायला फुरसत कोणाला होती? मावशी डोळा उघडत नव्हती. तिला लागू नये, एवढंच डोक्यात होतं." त्या दिवसांतही त्यांचे मावशीशी बोलणे नव्हते.

बऱ्हाणपूरला परतल्यावर मुरलीभाऊंनी संगणक सुरू केला तो फक्त चेहरा छापण्यासाठी. डोळ्यांची जागा कोरी सोडून जाड, खरखरीत कागदावर त्यांनी चेहरा मोठा छापला आणि वर्षानुवर्षे न उघडलेला रंगांचा डबा काढला. मखमलीत गुंडाळलेल्या विटेवर मनगट टेकून ते काम करत. अकरा कागद वाया गेले असे ते म्हणतात. मी त्यातले चार पाहिले. चारही मला चांगले वाटले, तसे मी म्हटले, आणि चांगले म्हणजे काय असे त्यांनी विचारल्यावर मी वर निघून गेलो.

बारावा कागद फाल्गुनात, होळीनंतरच्या शनिवारी तयार झाला. बसमध्ये धक्के लागतील म्हणून मी त्यांना मोटारसायकलवर जसोंडीला नेले. चित्र त्यांनी माझ्या पाठीमागे दोन पुठ्ठ्यांत धरले होते. रंग आणि ब्रश पिशवीत होते. ते कशाला, असे मी विचारले नाही.

गिरजामावशी ओसरीवर बसली होती. दोन्ही डोळ्यांवरचा काळा चष्मा निघाला होता. सुलभाताई आतून आल्या, पण चित्राजवळ आल्या नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मुरलीभाऊंनी पुठ्ठा काढला आणि चित्र मावशीच्या मांडीवर ठेवले.

तिने ते दोन्ही हातांनी उचलून धरले. अंगणात सून सुपात धान्य पाखडत होती, ती थांबली.

"मावशी," सुलभाताई म्हणाल्या, "माझ्याकडे नको बघू. माझा श्वास नको ऐकू. जे असेल ते सांग."

मावशीने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती चित्राशी बोलली. "अक्का, तुझ्या पोरीशी मी खोटं बोलली व. रागावू नको."

सुलभाताई उंबऱ्यावर बसल्या.

मग मावशीने पदराने डोळे पुसले, चित्र उजेडाकडे फिरवले आणि कपाळावर आठ्या आणल्या. "मुरली, गोंदण कुठी गेलं?"

"कसलं गोंदण?"

"अक्काच्या हनुवटीले तीन ठिपके होते. बाजारात गोंदणारीन आली होती, आम्ही दोघी संगच बसलो. हे पाह्य." तिने आपली हनुवटी वर केली. सुरकुत्यांत तीन निळसर ठिपके होते.

"मावशी, फोटोत ते नव्हतं."

"फोटोत डोळे तरी कुठी होते?"

सुलभाताई उंबऱ्यावरून हसल्या. उठून त्या मावशीजवळ आल्या आणि त्यांनी चित्र पाहिले. मावशीच्या खांद्यावर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि मुरलीभाऊंना म्हणाल्या, "भाऊ, ठिपके द्या. मग चहा टाकते."

मुरलीभाऊंनी पिशवीतून ब्रश काढला, वाटीत पाणी मागितले आणि निळ्यात थोडा काळा मिसळला. मावशीची हनुवटी आणि चित्र आळीपाळीने पाहत त्यांनी पहिला ठिपका दिला, मग दुसरा.

"तिसरा जरा डाव्या अंगाले," मावशी म्हणाली. "अक्का हालली होती तवा."

त्यांनी तिसरा जरा डावीकडे दिला. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. रंग वाळेपर्यंत चित्र खाटेवर उताणे ठेवले होते. मुरलीभाऊ अंगणात जाऊन ब्रश धुऊ लागले आणि ते पाणी त्यांनी केळीच्या बुंध्याशी ओतले.